वर्गणी माफ

"मावशी, जरा बाहेर या. हात पुसून या हं."

सर माईकवरून असं म्हणाले आणि सगळी पंगत हसली. मोठ्या स्वयंपाकघराच्या दारात माझी माय येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. कपाळावर घाम. पदर कमरेला खोचलेला. समोर सतरंज्यांवर आमच्या सहनिवासातली सगळी घरं जेवायला बसली होती. मधोमध पाटावर एक पुढारी बसले होते. सहनिवासाचा वर्धापनदिन होता. पुढाऱ्याला येसराची आमटी आणि चुलीवरची भाकरी खायची होती, म्हणून माय दुपारपासून धुरात होती.

सर म्हणजे आमचे अध्यक्ष. निवृत्त प्राचार्य. बोलायला उभे राहिले की हात मागं बांधतात. त्या दिवशीही बांधले.

"साहेब, ह्या आमच्या सहनिवासाच्या अन्नपूर्णा. आम्ही सगळे यांच्या हातचं जेवतो. इथं जात नाही, पात नाही. आणि आज कार्यकारिणीनं ठरवलंय, यापुढे मावशींच्या घरची जेवणाची वर्गणी माफ!"

टाळ्या. काकू उठल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांनी मायच्या हातात साडी आणि नारळ ठेवला. माय वाकली. पुढाऱ्याच्या पाया पडली. त्यानं घास न थांबवता डावा हात जरासा वर केला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. मग काकू मायच्या कानाशी लागल्या, पण माईक जवळच होता. सगळ्यांना ऐकू आलं.

"आता आत जा बरं. साहेबांना गरम गरम वाढा."

मी पंगतीच्या टोकाला बसले होते. तोंडाशी नेलेला घास मी परत ताटात ठेवला.

आधी एक गोष्ट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एवढं काय झालं? स्वयंपाकाच्या बाईचा सत्कार केला, चांगलंच की. तर माझी माय तिथं कामाला नव्हती. त्या सहनिवासात आमचं घर आहे. विकत घेतलेलं. बँकेचं कर्ज काढून, माझ्या पगारातून हप्ते फेडून. मी सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. माय माझ्यासोबत राहते. जेवणाची वर्गणी प्रत्येक घर भरतं, तशी आम्हीही भरत होतो. एकदाही चुकवली नाही. त्या पंगतीवर सरांचा जेवढा हक्क, तेवढाच मायचा.

बीडहून लिंबागणेशकडं जाताना, वस्ती संपते तिथं डाव्या हाताला आमचा सहनिवास आहे. मधे अंगण, भोवती घरं, आणि एका बाजूला एक मोठं सामाईक स्वयंपाकघर. सरांचा मुलगा परदेशात अशा वसाहतीत राहतो. सर तिकडं जाऊन आले आणि भारावून गेले. तिथं म्हणे सगळी घरं संध्याकाळी एकत्र जेवतात. प्रत्येक घर पाळीनं सगळ्यांसाठी स्वयंपाक करतं. बाई असो की पुरुष, डॉक्टर असो की न्यायाधीश, पाळी आली की कमरेला फडकं बांधायचं. खर्च सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. म्हातारपणी एकटं पडायला नको, घराघरात वेगळी चूल नको. सरांनी चार ओळखीची माणसं गोळा केली, जमीन घेतली, घरं बांधली. त्यातलं एक कुटुंब ऐनवेळी मागं हटलं. घर पडून राहिलं, बांधकामाचे पैसे अडकले. म्हणून जाहिरात द्यावी लागली आणि म्हणून मी तिथं पोचले. नाहीतर आमच्यासारख्यांना कोण विचारतंय?

पहिल्या भेटीत सरांनी मला जात विचारली नाही. हे मला फार आवडलं होतं. त्यांनी गाव विचारलं.

"तलवाड्याच्या बाजूचं," मी म्हणाले.

मग आडनाव. मग, "वडील काय करायचे?"

"ऊस तोडायचे. आईपण."

सर जरासे थांबले. मग हसून म्हणाले, "वा! कष्टाची माणसं हवीतच आपल्याला."

मी त्या वाक्यावर इतकी खूश झाले की घरी येऊन मायला दोनदा सांगितलं.

सुरुवातीचे दिवस खरंच चांगले होते. खोटं कशाला बोलू. पाळ्या ठरल्या. आमच्याकडं एक इंजिनिअर साहेब आहेत, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पहिल्या पाळीला त्यांनी खिचडी केली आणि ती बुडाला लागली. सगळ्यांनी करपलेली खिचडी हसत हसत खाल्ली. "साहेब, धरणं बांधली तशी खिचडी नका बांधू," असं मीच म्हणाले आणि तेच सगळ्यात मोठ्यानं हसले. आमची पाळी आली तेव्हा मायनं धपाटे केले. शेंगदाण्याची चटणी, दही, वर कांदा. लोक बोटं चाटत राहिले. माय दारात उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी पाहिला नव्हता. आयुष्यभर तिच्या हातची भाकरी उसाच्या फडात, बांधावर, घाईघाईत खाल्ली गेली. कुणी "वा" म्हणालं नव्हतं. तेवढा वेळच नसायचा कुणाला.

त्या "वा"नं घात केला.

काकूंचा गुडघा दुखायला लागला. "मावशी, आज एवढं माझ्या पाळीचं बघता का?" माय म्हणाली, "त्यात काय बाई, बघते की." वकिलीणबाईंकडं पाहुणे आले. माय गेली. बियाण्यांच्या दुकानवाल्यांच्या सुनेला पोळ्या जमत नव्हत्या. माय गेली. इंजिनिअर साहेबांनी तर पाळीच्या दिवशी सामान आणून ओट्यावर ठेवायचं आणि "मावशी, तुमचा हात लागला की चव येते," म्हणायचं, एवढंच काम ठेवलं. हळूहळू पाळीचा कागद भिंतीवर राहिला आणि चुलीपुढं माय.

सगळ्या वयस्क बायका तिथं काकू होत्या. फक्त माझी माय मावशी. आमच्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. बसस्टँडवर झाडू मारणारीला मावशी म्हणतात. शाळेत घंटा देणारी मावशी. प्रेमानं म्हणतात, मला माहीत आहे. पण काकू म्हणताना माणूस उठून खुर्ची देतो आणि मावशी म्हणताना काम सांगतो, हेही मला माहीत आहे.

मी मायला विचारलं होतं, "रोज रोज तूच का करतेस?"

"अगं सावड हाय ती," माय म्हणाली.

सावड आमच्याकडं सगळ्यांना कळते. आज तुझ्या रानात मी खुरपायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. पैसा नाही, मजुरी नाही. हाताच्या बदल्यात हात. ज्याच्याकडं गडी लावायला पैसा नाही त्यानं शेती करायची ती सावडीवरच. सावड कुणी बुडवत नाही. बुडवली तर पुढच्या पेरणीला त्याच्या रानात चिटपाखरू येत नाही. मायच्या डोक्यात सगळा हिशोब तोच होता. काकूंच्या पाळीला मी केलं, माझ्या पाळीला काकू करतील. आज ना उद्या. घाई कशाला?

मग मायला ताप आला. थंडी वाजून, अंग फणफणलं. नेमकी आमची पाळी. माझी ड्युटी होती आणि दवाखान्यात त्या दिवशी अपघाताचे पेशंट आले होते, सुटता येईना. मी सहनिवासाच्या ग्रुपवर लिहिलं, मायला बरं नाही, आजची पाळी कुणीतरी घ्या.

संध्याकाळी ग्रुपवर काकूंचा मेसेज आला. "आज पाळीच्या घरानं स्वयंपाक न केल्यामुळे हॉटेलातून पार्सल मागवलं आहे. खर्च त्या घराकडून घ्यावा."

मी घरी आले तर माय गोधडीत पडून होती. दाराकडं तोंड करून. दार उघडंच ठेवलेलं.

"दार का उघडं ठेवलंस? वारं लागतंय ना."

"येतील ना कुनी इचारायला. सावड हाय."

कुणी आलं नव्हतं. नाही, चूक झाली. वकिलीणबाई येऊन गेल्या होत्या. दारातूनच विचारून गेल्या, "मावशी, उद्या येणार का तुम्ही? उद्या माझी पाळी आहे."

पार्सलचा खर्च मी भरला. तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण मायनं हातानं गप्प बस म्हणून खुणावलं. "ऱ्हाऊ दे. मानसं चांगली हायेत. शिकलेली हायेत." ती तापातून उठली आणि पुन्हा चुलीपुढं जाऊन बसली. त्यानंतर एक नवीन चाल सुरू झाली. आधी उरलेलं अन्न सगळ्यांत वाटलं जायचं. आता काकू ते डब्यात भरून मायच्या हातात द्यायच्या. "घेऊन जा मावशी, टाकायला जिवावर येतं." सगळी घरं जेवून उठली की माय जेवायची. आधी पाटावर, मग ओट्याशी उभ्यानं, मग आतल्या खोलीत गॅसच्या टाकीजवळ खाली बसून. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. कुणी तसं नको असंही सांगितलं नव्हतं.

तर त्या वर्धापनदिनाच्या पंगतीत हे सगळं माझ्या डोक्यात होतं.

वर्गणी माफ. या दोन शब्दांनी किती काम केलं बघा. वर्गणी होती तोवर माय सभासद होती. वर्गणी माफ झाली आणि ती कामाला लागली. तिनं केलेली सगळी सावड एका टाळीत मजुरी झाली. आणि मजुरीही कसली? तिच्याच घरात, तिच्याच पंगतीत एक वेळचं जेवण. वरून साडी. वरून "आम्ही यांच्या हातचं जेवतो". गावात आमच्या हातचं कुणी खात नव्हतं. सप्ताहाच्या पंगतीला आमच्या आळीतल्या बायका जळण फोडायच्या, पाणी भरायच्या, पण पिठाला हात लावायची सोय नव्हती. तो अपमान मला कळत होता, त्याला तोंड होतं. इथं आमच्या हातचं खातात, म्हणून उपकार. आमच्या हातचं खाऊन जगाला दाखवायचं की बघा, आम्ही किती मोठे. तरी माय बसणार गॅसच्या टाकीजवळच.

मी उठले. ताट तसंच ठेवलं.

"सर, आमची वर्गणी माफ करू नका."

सर हसले. "अगं, हा मान आहे. पैशाचा प्रश्नच नाही इथं."

"मान आहे?"

"अर्थात."

"मग तो काकूंना द्या. उद्यापासून रोज काकू स्वयंपाक करतील. तुमच्या घरची वर्गणी माफ करू आपण. साडी मी आणते."

पुढाऱ्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आणि काकू, ज्या नेहमी तोलून मापून बोलतात, ज्यांनी आयुष्यभर कॉलेजच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं, त्या काकू भडकून ओरडल्या.

"मी काय स्वयंपाकीण आहे का?"

बस. हेच हवं होतं. मी आणखी काही बोलायची गरजच राहिली नाही.

माय तेव्हा परातीत भाकरी घेऊन दारातून बाहेर येत होती. ती जागच्या जागी थांबली. तिला मी काय बोलले ते धड कळलं नसावं, पण काकू काय बोलल्या ते कळलं.

"बाई, मंग म्या कोन हाव?"

"तसं नाही हो मावशी, तुम्ही मनाला लावून घेऊ नका..."

"न्हाई, सांगा की. म्या कोन हाव?"

सर माईकचं बटण चाचपत होते. मायनं परात खाली ठेवली. साडी आणि नारळ आत ओट्यावर ठेवला होता, तो घेऊन आली आणि सरांसमोरच्या टेबलावर नीट ठेवला. फेकला नाही. साडीची घडी सरळ केली.

"सर, म्या सावड केली व्हती. मजुरी न्हवती केली."

मग ती आत गेली. चुलीतली जळती लाकडं मागं ओढली आणि त्यांच्यावर पाणी मारलं. धूर बाहेरपर्यंत आला. पदर कमरेचा सोडला, डोक्यावर घेतला, आणि येऊन माझ्या शेजारी पंगतीत बसली.

"वाढ मला," म्हणाली.

मी वाढलं. माय खाली मान घालून जेवायला लागली. तेवढ्यात पुढाऱ्यानं विचारलं, "भाकरी आहे का अजून?" त्याला काय घडलं त्याच्याशी देणंघेणं नव्हतं, भूक लागली होती. भाकरीची परात सगळ्यांच्या समोर, जमिनीवर होती. सरांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी इंजिनिअर साहेबांकडं पाहिलं. साहेब ताटातल्या मिठाकडं बघत बसले. एकही माणूस उठला नाही. एका भाकरीसाठी वाकायला त्या पंगतीत कुणाची कंबर तयार नव्हती. शेवटी पुढाऱ्यानं हात धुतला आणि "मीटिंग आहे," म्हणून गाडीत बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मोठं स्वयंपाकघर बंद. दुरुस्तीसाठी, असं ग्रुपवर लिहिलं. काहीही मोडलं नव्हतं. संध्याकाळ झाली की घराघरातून फोडणीचा वास यायचा. या घरातला डबा त्या घरात जायचा. आमच्या दारावरून जायचा. त्या घरांनी एकमेकांत पंगत चालूच ठेवली होती, फक्त आम्हाला वगळून. महिना सुरू झाल्यावर मी वर्गणी पाठवली. ती परत आली. सोबत मेसेज होता, "आपली वर्गणी माफ आहे." मी पुन्हा पाठवली. पुन्हा परत. माझा पैसा घेतला असता तर मला ताट द्यावं लागलं असतं, म्हणून ती माफी काही केल्या मागं घेईनात.

इंजिनिअर साहेब एकदा घरी आले. तेवढे एकटेच आले, हे मी नाकारत नाही. चहा घेतला. म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर होतं. पण वेळ चुकली. पाहुण्यांसमोर नको होतं."

"मग कोणती वेळ बरोबर होती साहेब? मायला ताप होता तेव्हाची?"

त्यांनी कप खाली ठेवला. जाताना म्हणाले, "तुम्हाला इथं करमत नसेल तर घराला गिऱ्हाईक आहे. भाव चांगला मिळेल." म्हणजे समजूत काढायला आले नव्हते. निरोप घेऊन आले होते.

मला राग यांचा आला, पण रडू आलं ते मायमुळं. ती दिवसभर ओसरीत बसायची. अंगणातून कुणी गेलं की उगाच हसून बघायची. कुणी बघत नव्हतं. एके दिवशी मी ड्युटीवरून आले तर म्हणाली, "मला वाटलं व्हतं, मी त्येंला आवडते."

एवढंच. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. ऊस तोडताना तिच्या पाठीचे मणके झिजले. त्याचा एक्स-रे मीच काढलाय, माझ्या हातानं. तो बघताना मी रडले नव्हते. या वाक्यानं रडवलं. कुणाचा जीव लावायचा स्वभाव असतो, तो बघून त्याला चुलीपुढं बसवून ठेवणं, यासारखी हलकट गोष्ट दुसरी नाही. मारलं असतं, हाकललं असतं, तर निदान वळ दिसला असता.

बाहेर येऊन मी तिला म्हणाले, "माय, विकायचं का घर?"

ती म्हणाली, "कावून? आपुन काय चोरी केली?"

मग सर्वसाधारण सभा आली. सर हात मागं बांधून उभे राहिले. ठराव मांडला. पाळीची पद्धत आपल्याकडच्या लोकांना झेपत नाही, सबब ती बंद करावी. त्याऐवजी स्वयंपाकाला बाई ठेवावी, तिचा पगार वर्गणीतून द्यावा. सगळ्यांनी सुटल्यासारख्या माना हलवल्या.

"पलीकडच्या वस्तीवरची एक मावशी ठरवली आहे," काकू म्हणाल्या. "गरजू आहे बिचारी."

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

काकूंनी इकडंतिकडं पाहिलं. कुणालाच नाव माहीत नव्हतं. कामाला ठरवली होती, किती वाजता यायचं ते सांगितलं होतं. नाव विचारलं नव्हतं.

"ती जेवणार कुठं?"

"डबा घेऊन जाईल ना घरी. त्यात काय एवढं?"

मायनं माझ्या हातावर हात ठेवला. घट्ट.

आमच्या सहनिवासाची एक गोष्ट सर प्रत्येक पाहुण्याला सांगतात. इथं मतदान नाही. बहुमत नाही. बहुमतात थोड्यांचा आवाज दबतो, म्हणून प्रत्येक निर्णय एकमतानं. एक घर जरी नाही म्हणालं तरी ठराव होत नाही. परदेशातून आणलेला नियम. फार अभिमानानं सांगतात. कारण त्यांना खात्री असते की नाही म्हणणारं घर तिथं राहायला येणारच नाही.

"माझ्या घराचं नाही," मी म्हणाले.

"काय नाही?"

"ठराव मान्य नाही. पाळी बंद होणार नाही."

सर समजावणीच्या सुरात आले. "अगं, यात तुमच्याच आईची सुटका आहे."

"मायला सुटका नको. तिला तिची पाळी पाहिजे. महिन्यातून जेवढ्या वेळा तुम्हाला, तेवढ्याच वेळा तिला. आणि बाकीचे दिवस बसून गरम भाकरी."

"एका घरासाठी सगळ्यांना वेठीस धरतेस तू."

"सगळ्यांच्या पाळ्या एका बाईनं केल्या, तेव्हा वेठ कुणाची होती सर?"

वकिलीणबाई पुटपुटल्या, "किती उर्मट आहे." मोठ्यानं बोलायची त्यांची तयारी नव्हती. वर्गणी माफीचा निर्णय आमच्या घराला न विचारता झाला, म्हणजे तो एकमतानं झालेलाच नाही, तेव्हा तोही रद्द, हेही मी सांगितलं. सरांनी कपाळावरचा घाम पुसला. म्हणाले, "शेवटचं विचारतो. तुमच्या घराचं काय?"

मी तोंड उघडायच्या आत माय उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. तिला त्या खुर्चीतून उठायलाही वेळ लागतो.

"आमचं न्हाई," माय म्हणाली. आणि बसली.

ठराव पडला. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. खुर्च्या सरकवत, आमच्याकडं न बघता माणसं निघून गेली. अंगणातून काकूंचा आवाज आला, "अशांना डोक्यावर बसवलं की असंच होतं." आम्हाला ऐकू यावं म्हणूनच काढलेला आवाज होता तो. आला ऐकू. मी विसरणार नाही.

काही बदललं, असं मी म्हणत नाही. कुणाचं मन वितळलं नाही. कुणी माफी मागितली नाही, आणि मागितली तरी मला ती नको आहे. माफीचा व्यवहार मी एकदा पाहिलाय. डबे अजून आमच्या दारावरूनच जातात. पण या महिन्याची वर्गणी परत आलेली नाही.

पाळी पुन्हा सरांपासून सुरू होते. येत्या गुरुवारी सरांच्या घरची. मला निरोप आलेत, त्या दिवशी येऊ नका, उगाच तमाशा होईल. मी रजा टाकली आहे. मायनं धुतलेलं लुगडं काढून ठेवलंय. आम्ही दोघी पहिल्या पंगतीत बसणार, मधोमध. भात कच्चा राहिला तरी चालेल, भाकरी करपली तरी चालेल. पार्सल चालणार नाही. काकू राबतायत आणि सर दारात उभं राहून भाषण करतायत, हेही चालणार नाही. नाही शिजवलं, तर रिकाम्या ताटावर बसून राहू. पुढच्या पाळीला पुन्हा येऊ. घर विकणार नाही, पंगत सोडणार नाही, आणि त्या ताटावरून उठणारही नाही.

या सर. वाढा.